सात नंबरची लांबी

सतरा जानेवारीला, शुक्रवारी, सव्वाअकरा वाजता शाळेतून फोन आला. मी दापोऱ्याच्या शेतात होतो. एका हातात विळा होता, दुसऱ्या हातात नायलॉनची दोरी. घड भरला की केळीचा खांब वाकतो, म्हणून त्याला बांबूचा टेकू देऊन दोरीने बांधतात. आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि पाच खांब झुकले होते. तेच काम चाललं होतं.

फोनवर हेडमास्तर होते. म्हणाले, "वसंतभाऊ, मॅडमना वर्गात चक्कर आली. दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?"

 ते म्हणाले, "तुम्ही या लवकर."

मला तेव्हाच कळलं. फोन खिशात ठेवला आणि हातातली गाठ पुरी केली. एक खांब राहिला होता, तोही बांधला. का बांधला ते सांगता येत नाही. माझी मुलगी भूमिका इंदूरला शिकते. तिने नंतर विचारलं, "पप्पा, दापोऱ्याहून यायला तुम्हाला इतका टाइम कसा लागला?" मी तिला रस्त्यावर गर्दी होती असं सांगितलं.

रंजिता, माझी बायको, सत्तेचाळीस वर्षांची होती. बऱ्हाणपूरला एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. डोक्यातली नस फुटली. मी पोहोचलो तेव्हा ती गेलेली होती. संध्याकाळी राजघाटावर अग्नी दिला आणि रिवाजाप्रमाणे अंगावरच्या कपड्यांनिशी तापीत अंघोळ केली. पाणी थंड होतं. शर्टाच्या खिशात चार चिठ्ठ्या होत्या, ते पाण्यात उतरताना माझ्या लक्षात नव्हतं.

त्या चिठ्ठ्या कसल्या ते सांगायचं तर आधी अजगरांचं सांगावं लागेल.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्या शेताच्या कोपऱ्यात कापलेल्या खांबांचा आणि वाळल्या पानांचा ढीग पडला होता. तो उपसताना निंबाला आत अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली. निंबा आमच्याकडे वीस वर्षांपासून कामाला आहे. तो ओरडला, माणसं गोळा झाली, त्या गोंधळात मादी निघून गेली ती परत आली नाही. बावीस अंडी होती. रंजिताने वनविभागाला कळवलं. त्यांनी अंडी श्रीकांतकडे दिली. श्रीकांत हा तिचा जुना विद्यार्थी. जखमी आणि सापडलेली रानातली जनावरं ठेवतात अशा एका केंद्रात तो काम करतो. तिथे पेटीत उबवून एकोणीस पिलं निघाली. रीतसर परवानगी काढून आठ पिलं केंद्रातच ठेवली आणि अकरा आमच्या शेतात आणून सोडली.

सगळी एका आईची, एकाच आठवड्यात निघालेली, पावणेदोन फुटांच्या आसपास. रंजिताला तेच हवं होतं. तिचा प्रश्न साधा होता. पिंजऱ्यातली आणि रानातली भावंडं किती वेगाने वाढतात, आणि रानातली मादी पहिल्यांदा अंडी कितव्या वर्षी घालते.

"पुस्तकात वयं दिलेली असतात ती बहुतेक पिंजऱ्यातल्या जनावरांची," ती मला सांगायची. "रानातल्याचं वय कोण सांगणार? त्याच्याकडे काय जन्माचा दाखला असतो का? आपल्याकडे मात्र अकरा जणांचे दाखले आहेत."

केंद्रातल्यांना दर आठवड्याला खायला मिळायचं, थंडीत खोली गरम असायची. ती वर्षभरात सहा फुटांची झाली. चौथ्या वर्षी त्यातल्या एका मादीने अंडी घातली, तेव्हा ती साडेदहा फूट होती. आमच्या शेतातली वर्षभरात साडेतीन फुटांवर गेली. पुढे तर काही नेमच राहिला नाही. एखाद्याला चांगलं खायला मिळालं तर वर्षात दीड-दोन फूट, नाही मिळालं तर चार बोटं. काही पुन्हा दिसलीच नाहीत. रंजिता दर एप्रिलमध्ये आजूबाजूच्या शेतांतले ढीग बघत हिंडायची. पाच वर्षांत आमच्यातल्या एकीनेही अंडी घातली नव्हती.

ओळखायची खूण अशी. सोडताना प्रत्येकाच्या पोटावरच्या एका खवल्याचा कोपरा कापला होता. शेपूट सुरू होते तिथून डोक्याकडे खवले मोजत जायचं. सातव्या खवल्याचा कोपरा नसला की तो सात नंबर.

हिवाळ्यात अजगर उन्हासाठी बांधावर येऊन पडतात. तेव्हा मोजायचे. मी डोकं धरायचो, निंबा शेपूट. रंजिता पाठीवरून दोरी ठेवत जायची, जनावर जसं वळलं असेल तशी, आणि शेपटीच्या टोकाशी कापायची. दोन्ही टोकं काडीने जाळायची, म्हणजे उसवत नाहीत. मग नंबराची चिठ्ठी बांधायची. टेप लावून मोजायचं काम नंतर खोलीत, सावकाश, तीन वेळा.

निंबा म्हणायचा, "बाई, शिंप्यावानी माप घेता, आता ब्लाऊज कव्हा शिवता त्याचा?"

"तू गप शेपूट धर. सोडलीस तर तुझं माप घेईन."

शेतातल्या खोलीत दोन खुंट्या आहेत. खिडकीजवळच्या खुंटीवर मोजायच्या दोऱ्या, दाराजवळच्या खुंटीवर मोजून झालेल्या. मोजून झालेल्या माझ्या. खांब बांधायला त्या बरोबर लांबीच्या असतात. ती मला सारखी बजावायची, "अहो, दाराजवळच्या घ्या. माझ्या खुंटीला हात लावायचा नाही."

त्या शुक्रवारी दाराजवळची खुंटी रिकामी होती. माझ्याकडची दोरीही संपली होती. खिडकीजवळ चार दोऱ्या होत्या, त्या हिवाळ्यात सापडलेल्या चार अजगरांच्या. रंजिता त्या रविवारी मोजणार होती. मी विचार केला, दोऱ्या कुठे पळून जातात? खांबालाच राहतील. चिठ्ठ्या सोडून खिशात ठेवल्या. कोणती दोरी कोणत्या खांबाला ते ध्यानात ठेवलं. दोऱ्या चार आणि खांब पाच, म्हणून सगळ्यात लांब दोरी विळ्याने मधून कापली. संध्याकाळी तिला सांगणार होतो. ती चिडली असती, आणि रविवारी आम्ही दोघं मिळून दोऱ्या सोडल्या असत्या.

फोन आल्यानंतर कोणती दोरी कुठे ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

चौथ्या दिवशी भूमिकाने शर्ट धुवायला घेतला. खिशातून लगदा काढून तिने मला दाखवला. "पप्पा, ये क्या है? काही कामाचं होतं?" शाई सगळी गेली होती. मी म्हटलं, "आता नाही."

तेराव्याला श्रीकांत आला. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "काका, घाई नाही. पण मॅडमची वही आणि या हिवाळ्याच्या दोऱ्या मिळाल्या तर बरं होईल. केंद्रातल्या आठांची माहिती माझ्याकडे पूर्ण आहे. रानातल्यांची मॅडमकडे आहे. दोन्ही एकत्र झाल्याशिवाय अर्थ नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पायाजवळची सतरंजी सारखी केली. मग म्हणाला, "चला, सोडून तरी आणू."

आम्ही शेतात गेलो. पाच खांबांच्या पाच दोऱ्या सोडल्या. तीन दोऱ्यांची दोन्ही टोकं जळकी होती. दोन तुकड्यांचं एकेक टोक जळकं आणि एकेक विळ्याचं, उसवलेलं. ते दोन जोडून एक दोरी. श्रीकांतने टेप लावली. पाच फूट नऊ इंच, सहा फूट सात, सात फूट दहा, आणि जोडलेली नऊ फूट तीन.

वहीत त्या हिवाळ्यात सापडलेल्यांची तारीख आणि नंबर होते. दोन, पाच, सात आणि दहा. मागच्या हिवाळ्यात सात आणि दहा, दोघीही माद्या, बरोबर साडेसात फूट होत्या. म्हणजे यंदा एक पावणेदोन फूट वाढली आणि एक चार इंच. कोणती वाढली ते दोरी सांगत नव्हती.

"काका, डोकं तुम्हीच धरलं होतं ना? मोठी कोणती होती?"

दोन्ही वेळा मीच धरलं होतं. पण डोकं धरणाऱ्याने डोक्याकडेच बघायचं असतं. नंबर तिकडे मागे वाचला जायचा. निंबाला विचारलं. तो म्हणाला, "एक मोठी व्हती, एक ल्हान. सात कोणची ते बाईलेच ठाऊक."

श्रीकांत म्हणाला, "अंदाजाने लिहिता येणार नाही." मी म्हटलं, "नको लिहू." रंजितानेही लिहू दिलं नसतं.

नंतर मी कामाला लागलो. सकाळी शेतात जायचो, संध्याकाळी बऱ्हाणपूरच्या घरी यायचो. भूमिकाचा रोज फोन यायचा.

"पप्पा, खाना खाया?"

"हो."

"क्या खाया?"

"खिचडी."

"कल भी खिचडी बोले थे."

"कालचीच आहे."

नऊ एप्रिलला निंबा धावत खोलीवर आला. या वेळी ओरडला नाही. म्हणाला, "भाऊ, चाल. हळू चाल." कोपऱ्यातल्या ढिगात, खांबांच्या फटीतून, वेटोळं दिसत होतं. वेटोळ्याखाली पांढरं काहीतरी होतं. आम्ही दहा पावलांवरून बघितलं आणि मागे फिरलो.

रंजिताच्या वहीप्रमाणे आमच्या अजगरांचं सहावं वर्ष संपत आलं होतं. ही मादी आमच्यातलीच असेल तर रंजिताच्या प्रश्नाचं उत्तर त्या ढिगात होतं. बाहेरून आलेली असेल तर काहीच नव्हतं. ते कळायला पोटावरचे खवले बघायला हवे होते आणि पोट अंड्यांवर होतं.

श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, "काका, हात लावू नका. परवानगी मॅडमच्या नावावर होती, ती संपली. मी माझ्या नावाने अर्ज करतो. आणि आता तिला हलवलं तर ती अंडी सोडूनही जाईल. दोन महिने थांबा. पिलं निघायला लागली की मी येतो. ती उठायच्या आत खूण वाचू, लांबी घेऊ."

माझा मोठा भाऊ मोतीलाल, शेती आमची एकत्र. दुसऱ्या दिवशी तो ढिगाकडे बघून आला आणि खोलीच्या पायरीवर बसला.

"वसंता, वनवाल्यांना फोन लाव. नेतील उचलून."

"नेली तर ती केंद्रात जाईल, दादा. मग तिचा काही उपयोग नाही."

"कोणाला उपयोग नाही?"

"रंजिताचं काम राहिलंय. ही मादी रानातच राहिली पाहिजे. दोन महिने."

"दोन महिने? मृगाची केळी, मृगबाग, लावायची का नाही? तो ढीग ट्रॅक्टरच्या मशीनने बारीक करून शेत तयार करायचं आहे. कामावरची सोजरबाई आत्ताच म्हणते, तिकडच्या सरीत मी पाय नाही ठेवणार. उद्या बाकीच्या बायाही तेच म्हणतील."

"तिकडच्या चार सऱ्या सोडून बाकीचं तयार कर. त्या सऱ्या मी आणि निंबा नंतर हाताने करू."

दादा हसला. "बायकोने सापाचं माप घेतलं, आता तू बाळंतपण करी राह्यला." मी हसलो नाही. मग त्यानेही हसणं थांबवलं. "ती गेली ना बाबा," तो म्हणाला. त्याने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. "मृगाचे आठ दिवस थांबतो. पंधरा जूनला मशीन घालीन. मग मला काही सांगू नको."

मी रोज दोनदा बघायला जायचो, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. दहा पावलांवर एक उलटी बादली ठेवली होती, तिच्यावर बसायचो. वहीत रंजिताच्या शेवटच्या नोंदीखाली मी तारीख, वेळ आणि 'आहे' असं लिहायचो. दुसरं काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं. सुरुवातीला, सकाळी गारवा असताना, मादीच्या अंगावरून मधूनमधून झटका जायचा. रंजिता सांगायची की अंड्यांना ऊब द्यायला मादी असं अंग आखडते. मे महिन्यात ऊन वाढलं, झटके थांबले. तिने काही खाल्लेलं मी पाहिलं नाही. आहे, आहे, आहे. पानं भरली.

सात जूनला, शनिवारी संध्याकाळी, एका अंड्याला चीर दिसली आणि चिरेतून नाकाचं टोक. श्रीकांतला फोन केला. तो म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत पोहोचतो." मी रोजच्यासारखा घरी गेलो. तिथे थांबायला हवं होतं असं नंतर वाटलं. पण थांबून तरी मी काय केलं असतं? हात लावायचा नव्हताच.

रविवारी सकाळी सहाला गेलो तेव्हा वेटोळं नव्हतं. पिलं ढिगात होती, मादी गेली होती. श्रीकांत दुपारी आला, त्याच्याकडे नवीन परवानगी होती. आम्ही तिघांनी बांध, पाटाची बाजू, पंपाची खोली, शेजारचं शेत, सगळं दोन दिवस शोधलं. ती मिळाली नाही. पिलं नऊ हाती लागली. श्रीकांतने ती मोजली, खूण केली आणि सोडली. अंडी सोळा होती. तेरा फुटली, तीन तशीच राहिली. कोणत्या नंबरच्या मादीची, ते लिहिता आलं नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही, काका. हिवाळ्यात सापडली तरी हीच ती होती हे कसं सिद्ध करणार?" तो सोमवारी रात्रीच्या गाडीने गेला.

पंधरा जूनला दादा मशीन घेऊन आला. मी बांधावर उभा होतो. त्याने मशीन ढिगापर्यंत नेलं आणि बंद केलं. खाली उतरला, निंबाला हाक मारली आणि दोघं वरचे खांब हाताने ओढून बाजूला टाकायला लागले. मी विचारलं, "दादा, मशीन घालणार होतास ना?"

"घालतो. एखादं पिल्लू राहिलं असेल खाली, उगाच पाप नको." मग थोड्या वेळाने, "सोळा म्हणत होता ना तू? टरफलं कुठायत?"

टरफलं त्याने स्वतः मोजली. त्यांच्याखाली दबलेलं काहीतरी त्याने बोटांनी उचललं. "वसंता, हे काय?"

ती कात होती. दबून चपटी झालेली, मातीने भरलेली. उचलताना मधोमध फाटली. डोक्याकडचा भाग कुजून गेला होता, हाताला लागताच भुगा झाला. शेपटीकडचा भाग शाबूत होता.

आम्ही ती खोलीत नेली, ओल्या फडक्याने पुसली आणि खाटेवर पसरली. मी चष्मा लावला. शेपूट सुरू होते तिथून मोजायला लागलो. सातव्या खवल्याचा डावा कोपरा नव्हता. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. निंबाला मोजायला सांगितलं. निंबा म्हणाला, "सात." दादा म्हणाला, "मला दे चष्मा." त्यानेही मोजलं. "सातच आहे रे."

श्रीकांतला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. तो घाईघाईने बोलत होता. "काका, अंडी घालायच्या आधी मादी कात टाकते. तिची अंडी त्या कातीवरच होती. सातच आहे. सहाव्या वर्षी, पहिल्यांदा. केंद्रातल्या बहिणीला चौथं वर्ष लागलं होतं, हिला सहावं. हे लिहिता येतं, काका. मॅडमचं उत्तर आलं."

मी म्हटलं, "बरं झालं." त्याने विचारलं, "काका, ऐकताय ना?" मी म्हटलं, "हो, ऐकतोय."

भूमिकाला सांगितलं तेव्हा ती रडली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. तिचं झाल्यावर तिने विचारलं, "आणि लंबाई? मम्मीला लंबाई पण पाहिजे होती ना?"

मी तिला सांगितलं, कात अर्धीच आहे, लांबी निघत नाही. दोरीवरून सात नंबर एकतर सात फूट दहा आहे नाहीतर नऊ फूट तीन. मला वाटतं नऊ फूट तीनच असेल. श्रीकांतलाही वाटतं. पण वाटतं ते लिहीत नाहीत. केंद्रातली साडेदहा फुटांची होती तेव्हा तिने अंडी घातली. रानातली किती लांबीची असताना घालते, तो अर्धा प्रश्न अजून तसाच आहे.

मृगबाग लागली. त्या चार सऱ्या मी आणि निंबाने हाताने केल्या. चारही दोऱ्या, दोन तुकड्यांसकट, खिडकीजवळच्या खुंटीवर परत टांगल्या आहेत. खांब बांधायला मी बाजारातून नवीन दोरी आणतो.

वहीत सात नंबरच्या पानावर वय लिहिलं आहे, अंडी लिहिली आहेत, किती फुटली ते लिहिलं आहे. लांबीचा रकाना कोरा आहे. डिसेंबरात ऊन खायला ती बांधावर आली तर श्रीकांत येणार आहे. डोकं मी धरीन, शेपूट निंबा धरेल. आता नोव्हेंबर चालू आहे. सात नंबर अजून दिसलेली नाही. तिची लांबी मोजायची राहिली आहे.